पायलट व्हायचंय? आधी स्वस्तातले प्रश्न सोडवा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग आईबाबांसोबत बसून ऐकलात तर जास्त बरं, कारण आज करिअरइतकंच पैशांबद्दल बोलायचंय.

मागच्या आठवड्यात मला एका मुलाची व्हॉइस नोट आली. लातूर जिल्ह्यातला आहे, बारावी सायन्स, नुकताच निकाल लागलाय. मी त्याचं नाव घेत नाही. तो म्हणतो, "ताई, मला एअरलाइन पायलट व्हायचंय. एका फ्लाइंग स्कूलवाल्यांनी सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत सगळी फी एकदम भरली तर तीन लाखांची सूट. बाबा दीड एकर विकायला तयार आहेत. गिऱ्हाईकही मिळालंय. भरू का?"

मी ती नोट तीनदा ऐकली. मागे कुठेतरी त्याचे बाबा कुणाशी तरी बोलत होते, बहुतेक त्याच गिऱ्हाइकाशी.

तर मित्रा, उत्तर आधीच देऊन टाकते. या महिन्यात भरू नकोस. पायलट होऊ नकोस, असं मी म्हणत नाहीये. जरूर हो. पण ज्या क्रमाने तू निघालायस तो उलटा आहे. का ते आता नीट सांगते. मी स्वतः एअरबस ए३२०च्या उजव्या सीटवर बसते आणि हा क्रम मी स्वतः चुकवलेला आहे.

हा रस्ता म्हणजे एकामागून एक दरवाजे

'पायलट कोर्स' नावाची एकच वस्तू नसते. जाहिरातीत तसं वाटतं खरं, म्हणजे दाखला घेतला, फी भरली, युनिफॉर्म मिळाला, विमान मिळालं. प्रत्यक्षात हे पाच-सहा वेगळे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर तुम्ही नापास होऊ शकता आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च वेगळा आहे.

गंमत अशी की सगळ्यात महत्त्वाचे दोन प्रश्न सगळ्यात स्वस्त आहेत. पहिला, माझं शरीर यात बसतं का? दुसरा, हा अभ्यास मला जमतो का? या दोन्हींची उत्तरं फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही न देता मिळतात. तरीही बहुतेक घरांत आधी पन्नास लाख भरले जातात आणि मग हे प्रश्न विचारले जातात. म्हणून माझा नियम एकच: स्वस्त दरवाजा आधी उघडायचा. तो उघडला तरच पुढच्या, महागड्या दरवाजाकडे जायचं.

पहिला दरवाजा: मेडिकल

आपल्याकडे वैमानिकांचे परवाने डीजीसीए देतं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यांच्या दोन वैद्यकीय तपासण्या असतात. आधी क्लास २. ही डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते. रक्त, लघवी, ईसीजी, डोळे, कान, सगळं बघतात. त्यानंतर क्लास १. ही ठरावीक केंद्रांवरच होते: हवाई दलाची काही वैद्यकीय केंद्रं, आणि डीजीसीएने मान्यता दिलेली काही रुग्णालयं. कमर्शियल परवान्यासाठी क्लास १ लागतंच.

चष्मा असेल तर घाबरू नका. चष्म्याने नजर हवी तितकी सुधारत असेल तर चालतं. माझा स्वतःचा चष्मा आहे. पण रंगदृष्टी ही वेगळी गोष्ट आहे. लाल-हिरव्यातला फरक ओळखण्यात कमतरता असेल तर ती चष्म्याने जात नाही, आणि खूप जणांना ती आपल्यात आहे हे माहीतच नसतं. रोजच्या जगण्यात काही अडत नाही ना!

माझ्या बॅचमधल्या एका मुलाचं हेच झालं. क्लास २ कसंबसं पार पडलं होतं. पहिला हप्ता भरला, हॉस्टेलवर राहायला आला, आणि चार महिन्यांनी क्लास १ला रंगदृष्टीवर अडकला. त्याच्या वडिलांनी पीएफ काढला होता. त्यातले थोडे परत मिळाले, बाकीचे गेले. तो मुलगा हुशार होता, मेहनती होता. फक्त क्रम चुकला.

'टेम्पररी अनफिट' असा शेरा आला तर मात्र लगेच खचू नका. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन अशा गोष्टी सुधारून पुन्हा तपासणी करता येते. महत्त्वाचं हे की असा शेरा आला तेव्हा तुमची जमीन तुमच्याच नावावर असली पाहिजे.

दुसरा दरवाजा: पाच पेपर आणि एक रेडिओ

आता पात्रता. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. कॉमर्स किंवा आर्ट्स केलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, हे दोन विषय देता येतात. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, यासाठी वय किमान १८. स्टुडंट पायलट लायसन्स १६व्या वर्षीही निघतं.

सीपीएलसाठी डीजीसीएचे लेखी पेपर असतात. एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी म्हणजे हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. शेवटचा पेपर तुम्ही जे विमान उडवणार त्याच्यावर असतो. प्रत्येकात ७० टक्के हवेत. ६९ म्हणजे नापास.

याशिवाय रेडिओवर बोलण्याची परीक्षा, आरटीआर. वर्षानुवर्षं ही दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाल्यावर हे काम डीजीसीएकडे आलं. त्यामुळे जुने यूट्यूब व्हिडिओ बघून फॉर्म भरू नका, डीजीसीएच्या वेबसाइटवर आत्ताचे नियम वाचा.

या परीक्षांना बसायला आधी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि बोर्डाची पडताळणी लागते. हे कागद गोळा करायला वेळ जातो, म्हणून आजच सुरुवात करा.

आता मुद्दा. हे पेपर तुम्ही घरी बसून, किंवा एखादा ग्राउंड क्लास लावून देऊ शकता. पुस्तकं, क्लास, परीक्षा फी सगळं धरून हा खर्च विमानाच्या तासांपुढे किरकोळ आहे. सहा-आठ महिने नेटाने अभ्यास केला तर उडायला सुरुवात करण्याआधीच बहुतेक पेपर खिशात पडतात.

याचे दोन फायदे. एक, तुम्हाला कळतं की हे आपल्याला आवडतं का. नेव्हिगेशन म्हणजे बारावीची त्रिकोणमिती आणि घड्याळ. वारा अमुक दिशेने इतका, विमानाचा वेग इतका, तर नाक कुठे ठेवायचं आणि किती वाजता पोहोचायचं? ज्याला हे सोडवताना मजा येते, त्याला पुढेही येते. ज्याला फक्त गॉगल आणि पट्ट्या हव्यात, तो इथेच कंटाळतो. आणि इथे कंटाळणं खूप स्वस्त पडतं! दुसरा फायदा पुढे सांगते, तो पैशांचा आहे.

मराठी मीडियमवाल्यांसाठी एक गोष्ट. मला रोज मेसेज येतात, "ताई, इंग्रजी कच्चं आहे." आंतरराष्ट्रीय नियमांत इंग्रजीच्या सहा पातळ्या आहेत आणि तुम्हाला किमान चौथी लागते, तिला 'ऑपरेशनल' म्हणतात. उच्चार लंडनचा लागत नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, तुम्हाला समोरच्याचं कळलं पाहिजे, आणि काही अनपेक्षित घडलं तर ते साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. रेडिओवरची बरीच वाक्यं तर ठरलेलीच असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. जमतं.

तिसरा दरवाजा: २०० तास

आता महागडा भाग. सीपीएलसाठी एकूण २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. शिवाय किमान ३०० नॉटिकल मैलांची एक लांब क्रॉस कंट्री, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास, त्यात दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग. उपकरणांवर उडण्याचे १० तास.

पण छोट्या अक्षरांतली एक गोष्ट सगळे विसरतात. यातल्या काही गोष्टी अर्जाआधीच्या सहा महिन्यांतल्या लागतात. कमांडचे १५ तास, रात्रीची उड्डाणं, या गोष्टी ताज्या हव्यात. म्हणजे १८० तासांवर तुमचं ट्रेनिंग विमान नाही म्हणून सात महिने थांबलं, तर उरलेले फक्त २० तास राहत नाहीत. काही गोष्टी परत कराव्या लागतात, परत पैसे देऊन.

म्हणूनच फ्लाइंग स्कूल निवडताना पहिला प्रश्न "फी किती?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "महिन्याला किती तास उडवता?"

हे गणित करून बघू. महिन्याला सरासरी १० तास मिळाले तर २०० तासांना २० महिने. ५ तास मिळाले तर ४० महिने. आता समजा ५० लाखांचं कर्ज आहे, व्याज ११ टक्के, आणि सगळी रक्कम उचललेली आहे. नुसतं व्याजच महिन्याला साधारण ४६ हजार होतं. वीस महिने उशीर म्हणजे नऊ लाखांच्या वर. त्यात हॉस्टेल, जेवण, आणि नोकरी वीस महिने उशिरा लागली ते वेगळंच. मग सांगा, तीन लाखांची सूट देणारं पण निम्म्या वेगाने उडवणारं स्कूल स्वस्त की महाग?

मला स्वतःला ३८ महिने लागले. स्कूलचं नाव घेत नाही. मी गेले तेव्हा ब्रोशरवर आठ विमानं होती. मैदानावर उडण्याच्या स्थितीत तीन होती. बाकीची हँगरमध्ये, कुणाचं इंजिन नाही, कुणाचा प्रोपेलर नाही. आणि मुलं आमच्या बॅचमध्येच चाळीस. सकाळी सहाला तयार होऊन बसायचं आणि दुपारी दोनला कळायचं की आज नाव नाही. आमचे पैसे आधीच भरलेले. भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

स्कूल कसं निवडायचं

महाराष्ट्रात पर्याय आहेत. गोंदियाला बिरसी विमानतळावर, बारामतीला, धुळ्याला, शिरपूरला, नागपूरला उड्डाण प्रशिक्षण चालतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४मध्ये केली. बाहेर बघायचं तर उत्तर प्रदेशात फुर्सतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं.

स्कूल्स छोट्या गावांत का असतात, असं कुणीतरी विचारलं होतं. ट्रेनिंगमध्ये एकाच धावपट्टीवर तासाभरात आठ-दहा वेळा उतरायचं आणि पुन्हा उडायचं असतं. मोठ्या विमानतळाला तेवढी सवड कुठून असणार? जे. आर. डी. टाटा मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ला त्यांना भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळाला. तेव्हा मुंबईचं आकाश रिकामं होतं. आज जुहूच्या शेजारीच देशातला एक सर्वांत गजबजलेला विमानतळ आहे. म्हणून प्रशिक्षण गेलं धुळे, बारामती, गोंदियाकडे.

जागेसोबत हवामानही येतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग खाली येतात, तास कमी होतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं. हे सगळीकडे कुठे ना कुठे असणारच. पण प्रवेश कधी घेता यावर फरक पडतो. पावसाळ्यात ग्राउंड अभ्यास आणि पाऊस संपता संपता उड्डाण सुरू, हा क्रम चांगला.

डीजीसीएने ऑक्टोबर २०२५पासून फ्लाइंग स्कूल्सची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, वर्षातून दोनदा. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. यावरून समजून घ्या. ती यादी बघाच, पण तिच्यावर थांबू नका. स्वतः जा. एक नाही, दोन दिवस राहा. आणि हे विचारा:

– आज, या क्षणी, उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत? आणि सध्या किती विद्यार्थी उडतायत?
– इन्स्ट्रक्टर किती? मागच्या वर्षात किती सोडून गेले?
– गेल्या वर्षी किती जणांचे २०० तास पूर्ण झाले आणि त्यांना सरासरी किती महिने लागले?
– धावपट्टीवर रात्रीच्या उड्डाणाची सोय आहे का? नसेल तर रात्रीचे तास कुठे करून घेता, आणि त्याचा खर्च कुणाचा?
– मल्टी इंजिन विमान स्वतःचं आहे का?
– तासाचा दर लेखी आहे का? इंधन महागलं तर वाढीव पैसे कोण देणार?
– मध्येच सोडलं तर उरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत?

ऑफिसमध्ये उत्तरं घ्या आणि मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. तिथे विद्यार्थी बसलेले असतात. १५० तासांच्या पुढे गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी शोधा, चहा पाजा, आणि लॉगबुक दाखवायला सांगा. लॉगबुकात तारखा असतात. एका उड्डाणानंतर दुसरं उड्डाण कधी झालं, ते बघा. ब्रोशर सजवता येतं, लॉगबुकातल्या तारखा सजवता येत नाहीत.

आणि पैसे? हप्त्याने. जितकं उडलात तितकं, किंवा फार तर पुढच्या २०-२५ तासांचं आगाऊ. सगळं एकदम घेतल्याशिवाय प्रवेशच नाही म्हणणारं स्कूल असेल, तर तिथून उठा. सूट ही तुमच्या भांडण्याच्या ताकदीची किंमत असते, हे लक्षात ठेवा.

परदेशी जाऊ का?

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे बरेच जण जातात. कारण उघड आहे, विमानं जास्त, हवामान चांगलं, तास पटापट होतात. दोन वर्षांचं काम वर्षभरात होऊ शकतं.

पण परदेशी परवाना घेऊन इथल्या एअरलाइनमध्ये बसता येत नाही. तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी डीजीसीएचे पेपर, क्लास १ मेडिकल, आरटीआर, आणि कौशल्य चाचण्या. आणि मघाचा तो सहा महिन्यांचा नियम आठवा. परदेशातून परत आलात, पेपर काढायला वर्ष गेलं, तोवर तुमची उड्डाणं शिळी झाली. मग इथे पुन्हा तास विकत घ्या.

हा तो दुसरा फायदा, जो मघाशी सांगायचा राहिला होता. डीजीसीएचे पेपर आधी काढून जो परदेशी जातो, त्याचं परतल्यावरचं वर्ष वाचतं. 'आधी उडून येतो, पेपर नंतर बघू' म्हणणारे इथे अडकतात.

अमेरिकेतच नोकरी करेन, असं काहींना वाटतं. तिथे २००९च्या एका अपघातानंतर नियम कडक झाले. २०१३पासून तिथल्या प्रवासी एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही साधारणपणे १५०० तास लागतात. आणि काम करण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर तो मिळत नाही.

कॅडेट प्रोग्राम

हा तिसरा रस्ता. इंडिगो, एअर इंडिया यांचे असे कार्यक्रम आहेत. इथे एअरलाइन आधी तुमची निवड करते, मग तिच्या भागीदार संस्थेत तुम्ही शिकता, आणि शेवटी त्याच एअरलाइनमध्ये जाता. क्रम बघा, निवड आधी आणि खर्च नंतर. तत्त्व म्हणून मला हे आवडतं. प्रशिक्षणही वेळेत होतं, कारण मागे एअरलाइन उभी असते.

पण दोन गोष्टी नीट ऐका. एक, 'एअरलाइनचा प्रोग्राम' म्हणजे एअरलाइन पैसे भरते असं नाही. पैसे तुम्हीच भरता, आणि टाइप रेटिंग धरून आकडा कोटीच्या आसपास किंवा वर जातो. दोन, मिळणारं पत्र बहुतेक वेळा सशर्त असतं. तुम्ही सगळे टप्पे पार केले आणि कंपनीला तेव्हा गरज असली, तर. कोविडच्या काळात प्रशिक्षण संपवून बसलेल्या अनेकांना वाट बघावी लागली. म्हणून सही करण्याआधी ते पत्र एखाद्या वकिलाला दाखवा. गावातल्या वकिलालाही चालेल. 'शर्तींस अधीन' म्हणजे काय ते त्यालाही कळतं.

हवाई दलाबद्दलही विचारतात. एनडीए देऊन खडकवासल्याला जाणं फार मोठी गोष्ट आहे, पण ती देशसेवा म्हणून करा. फुकटात सीपीएल मिळतं म्हणून तिकडे जाऊ नका. तिथली बांधिलकी वर्षानुवर्षांची असते.

शेवटचा दरवाजा: टाइप रेटिंग आणि नोकरी

सीपीएल हातात आलं म्हणजे तुम्ही छोटं विमान उडवू शकता. ए३२० किंवा बोईंग ७३७ उडवायला त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, ते टाइप रेटिंग. मोठ्या सिम्युलेटरमध्ये होतं. खर्च साधारण बारा ते वीस लाखांच्या घरात.

इथे घाई करू नका. नोकरीची जाहिरात नसताना 'ए३२० करून ठेवू' म्हणून केलं, आणि भरती निघाली एटीआरची, तर? शिवाय हे कौशल्यही शिळं होतं. शक्यतो कंपनीची निवड झाल्यावर, ती सांगेल ते रेटिंग करा.

आणि आता कटू गोष्ट. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. २०२३मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, बातम्या आल्या, पालक खूश झाले. पण विमानं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येतात, परवानेवाले मात्र दरवर्षी तयार होतात. आणि हा धंदा वर-खाली होतो. २०१२मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९मध्ये जेट थांबली, २०२३मध्ये गो फर्स्ट थांबली. दर वेळी अनुभवी पायलट बाजारात आले आणि फ्रेशरची रांग मागे सरकली. म्हणून हिशेब करताना परवान्यानंतरचं एक-दीड वर्ष बिनपगाराचं धरा. ते धरूनही घर तगतं का, ते बघा.

सोबत एक पदवी करून ठेवा. सीपीएलला पदवी लागत नाही, पण मेडिकल कधीही जाऊ शकतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ट्रेनिंगसोबत पदवी होते.

पैशांचं म्हणाल तर शिष्यवृत्ती आधी बघा. महाज्योतीने इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत असं प्रशिक्षण राबवलेलं आहे. आपल्या प्रवर्गासाठी सध्या काय चालू आहे ते त्या त्या संस्थेत जाऊन विचारा. बँकेचं कर्ज मोठ्या रकमेला तारण मागतंच. पण जमीन तारण ठेवणं आणि जमीन विकणं यात फरक आहे. बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, त्यामुळे हप्त्याने भरण्याची शिस्त आपोआप येते. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर, जुन्या कररचनेत, आठ वर्षं वजावट मिळते.

तर मित्रा, तुझ्यासाठी

जून-जुलैत क्लास २ कर. लगेच क्लास १साठी नाव नोंदव. कॉम्प्युटर नंबरचे कागद गोळा कर. डिसेंबरपर्यंत किमान तीन पेपर काढ. तोवर तीन स्कूल्स बघून ये, टपरीवरचा चहा पिऊन ये. जानेवारीत हे सगळं हातात असेल, तर तू आजच्यापेक्षा खूप भक्कम जागी उभा असशील. काहीच हातात नसेल, तर दीड एकर वाचलेली असेल.

आणि काका, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्यासाठी एक वाक्य. माझ्याही वडिलांनी विकली होती, दोन एकर. मी आज उडते, कर्ज फिटलं, सगळं ठीक झालं. पण त्या ३८ महिन्यांत दर सुट्टीला घरी गेले की बाबा विचारायचे, "किती तास झाले?" आणि मी आकडा दोन-चार तासांनी वाढवून सांगायचे. तुमच्या मुलावर ती वेळ येऊ नये, एवढंच. तीन लाखांची सूट जाऊ द्या. गिऱ्हाइकाला सांगा, जानेवारीत बोलू.

चला, पुढच्या भागात क्लास १ मेडिकलला नेमकं काय काय होतं, ते तपासणी-तपासणीने सांगते. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा. आणि दोन मिनिटांच्या आत संपवा हं, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती! भेटू.